गच्ची पांढरी करावी, पण नीट : छताच्या उष्णतेवर वाचकांचे प्रश्न

उन्हाळा तोंडावर आला की या सदराकडे येणारी बरीचशी पत्रं छताभोवती फिरतात. स्लॅब, पत्रा, कौलं, सोसायटीची गच्ची असे सगळे प्रकार या वेळी आले आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचं एकमजली स्लॅबचं घर आहे, गच्ची साधारण १००० चौरस फूट. दुपार कूलरवर निभते, पण रात्री नऊ-दहाला छतातून धग येते. गच्ची पांढरी केली तर नेमका किती फरक पडेल? हिवाळ्यात घर थंडगार पडेल का? (नागपूर)

रात्री नऊला छत तापलेलं असणं हा स्लॅबचा स्वभावच आहे. पाच इंची स्लॅब आणि त्यावर चार-साडेचार इंची विटांच्या तुकड्यांचा कोबा असेल, तर भर दुपारी वर पडलेली उष्णता खालच्या गिलाव्यापर्यंत पोचायला सहा ते आठ तास घेते. बाहेरची हवा निवू लागते तेव्हाच छताची खालची बाजू सर्वांत गरम असते. कूलर हवा गार करतो, छत नाही. तापलेलं छत थेट अंगावर उष्णता टाकत राहतं, म्हणून खोलीतली हवा बरी असूनही झोप लागत नाही.

आता आकडे. मे महिन्यात निरभ्र दुपारी दर चौरस मीटरला ९०० ते १००० वॅट ऊन पडतं. तुमची गच्ची सुमारे ९३ चौरस मीटर, म्हणजे ऐन दुपारी तिच्यावर ८५ ते ९० किलोवॅट ऊन असतं. जुना, काळवंडलेला सिमेंटचा पृष्ठभाग त्यातलं ७० ते ७५ टक्के पिऊन घेतो. ताजा पांढरा पृष्ठभाग २० ते २५ टक्के. शोषलेलं सगळं घरात उतरत नाही, बरंचसं वारा नेतो, काही आकाशाकडे परत जातं. पण मुळात आत घ्यायचा वाटाच तिपटीने कमी झाला, तर पुढचं सगळं गणित बदलतं.

फरक कुठे मोजता, त्यावर आकडा ठरतो. जुनी गच्ची दुपारी हवेपेक्षा वीसेक अंशांनी जास्त तापते, पांढरी पाच ते आठ अंशांनी. छताच्या खालच्या बाजूला चार ते सहा अंशांचा फरक दिसतो आणि खोलीतल्या हवेत दोन ते चार अंशांचा. ४५ अंशांच्या दिवशी घर महाबळेश्वर होणार नाही. पण रात्रीची धग कमी होते आणि कूलर-एसी कमी वेळ लावावा लागतो, हे नक्की. दारं-खिडक्या रात्री उघड्या ठेवून सकाळी आठच्या आत बंद केल्या तर हा फायदा टिकतो. पश्चिमेच्या उघड्या भिंतीचं ऊन मात्र पांढऱ्या गच्चीने थांबत नाही; तिथे सावलीच हवी.

हिवाळ्याची काळजी सोडा. डिसेंबरात दिवस लहान, ऊन तिरपं, त्यामुळे छतातून येणारी उष्णता तशीही कमीच असते. घर अंशभर जास्त गार वाटेल, एवढंच.

प्रश्न : चुना स्वस्त पडतो असं सगळे सांगतात, दुकानदार मात्र गच्चीचा खास रंगच घ्या म्हणतो. काय करावं? चुन्याचं प्रमाणही द्या. (जळगाव)

दोन्ही चालतात, पण आधी एक ठरवा : पुढच्या दोन-तीन वर्षांत रंग लावायचा विचार आहे का? असेल तर आज चुना लावू नका. चुन्याचा थर भुकटीसारखा असतो. त्याच्यावर लावलेला अॅक्रेलिक रंग त्या भुकटीला चिकटतो, स्लॅबला नाही, आणि पहिल्या पावसानंतर पापुद्रे निघतात. आधी लावलाच असेल तर तारेच्या ब्रशने घासून, धुऊन, बोटाला पांढरं लागेनासं होईपर्यंत काढावा लागतो. हे काम रंगापेक्षा जास्त वेळ खातं.

ताजा चुना ऊन परत फेकण्यात महाग रंगाच्या फार मागे नाही. त्याचं दुखणं टिकाऊपणाचं आहे : एक उन्हाळा, मग पावसात वाहून जातो. भाड्याचं घर, तात्पुरती सोय किंवा हात तंग असेल तर चुना उत्तम.

५०० चौरस फुटांच्या दोन हातांसाठी : पाकिटातली हायड्रेटेड चुना पावडर १० किलो, पांढरं सिमेंट २ किलो, फेविकॉल अर्धा किलो, पाणी साधारण १५ लिटर. कळीचा चुना आणू नका. तो पाण्यात टाकल्यावर उकळतो, उडतो, आणि डोळ्यात गेला तर दृष्टीवर बेततं. पावडरसुद्धा चष्मा आणि रबरी हातमोजे घालूनच कालवा. चुना रात्रभर पाण्यात भिजत ठेवा, सकाळी जुन्या सुती कापडातून गाळा, फेविकॉल थोड्या कोमट पाण्यात विरघळवून घाला. पांढरं सिमेंट मात्र लावायच्या आधी, आणि तासाभरात संपेल एवढ्याच मिश्रणात. सगळं एकदम कालवलं तर तळाशी दगड होतो.

मिश्रण दुधाइतकं पातळ हवं. इथेच बहुतेकांचं चुकतं : एकाच हातात पांढरंशुभ्र दिसावं म्हणून खिरीसारखं घट्ट लावतात आणि आठवड्यात ते तडकून उडतं. पहिला हात ओला असताना जवळजवळ पारदर्शक दिसतो आणि वाळताना पांढरा होतो, घाबरू नका. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्यासाठी त्याला ओल लागते. म्हणून लावण्याआधी गच्चीवर पाणी शिंपडा (साचता कामा नये), काम संध्याकाळी चारनंतर करा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हलका शिडकावा द्या. दुसरा हात पहिल्याला आडवा.

अॅक्रेलिक रंगाचं याच्या नेमकं उलटं. त्याला पृष्ठभाग कोरडा हवा. २० लिटरची बादली गुळगुळीत गच्चीवर दोन हातांत ४०० ते ५०० चौरस फूट भागवते. खडबडीत कोब्यावर पाव भाग जास्त धरा. डब्यावर सांगितलेल्या प्रमाणात पाणी मिसळून पहिला पातळ हात, तो प्रायमरचं काम करतो. त्यानंतर जाड हात दोन, मध्ये चार ते सहा तास. सकाळी सात ते दहा आणि उन्हं कलल्यावर, एवढ्याच वेळेत लावा. तापलेल्या स्लॅबवर रंगाची वरची साय लगेच धरते, आत पाणी अडकतं आणि फोड येतात. नीट लावलेला, दरवर्षी धुतलेला रंग चार-पाच वर्षं सहज जातो आणि बारीक केसभर तडेही झाकतो. उरलेला भिंतीचा पांढरा इमल्शन गच्चीवर वापरण्याचा मोह टाळा. तो उभ्या भिंतीसाठी केलेला असतो. साचलेल्या पाण्यात मऊ पडतो.

दोन्हींच्या आधीची सफाई एकच, आणि अर्धं यश तिच्यात आहे. काळं शेवाळ दिसत असेल तर १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम ब्लीचिंग पावडर कालवून ओता, अर्धा तास थांबा, काथ्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या कडक ब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा. गच्ची साफ करायला अॅसिड वापरायची पद्धत आहे, ती वाईट : ते सिमेंट खातं, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एका दिवशी गच्चीवर नेऊच नका.

वेळ म्हणाल तर संक्रांत ते गुढीपाडवा. दिवाळीनंतर लगेच कोब्यात पावसाची ओल शिल्लक असते आणि मे महिन्यात स्लॅब तव्यासारखा असतो.

प्रश्न : गेल्या मार्चमध्ये गच्चीला पांढरा वॉटरप्रूफ रंग दिला. पावसाळ्यानंतर जागोजागी फोड आले, आता चालताना पापुद्रे निघतात. रंग खोटा होता का? (पिंपरी)

रंग खोटा असण्यापेक्षा खालचा पृष्ठभाग तयार नसण्याचीच शक्यता जास्त. एक फोड ब्लेडने कापून पापुद्र्याची मागची बाजू बघा, तिथेच उत्तर असतं.

मागे पाणी किंवा ओल असेल तर कोब्यात पाणी मुरलेलं होतं. विटांच्या तुकड्यांचा कोबा महिनोन्महिने पाणी धरून ठेवतो; ऊन पडलं की त्याची वाफ वर येते आणि रंगाला उचलते. मागे पांढरी-करडी भुकटी चिकटली असेल तर धूळ, जुना चुना किंवा सिमेंटची कच्ची साय काढलीच नव्हती. पापुद्र्याच्या मागे रंगाचाच दुसरा थर राहिला असेल, तर दोन हातांच्या मध्ये धूळ किंवा दव पडलं.

पहिलं कारण निघालं तर रंग सोडा, पाणी कुठून येतंय ते शोधा. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तो कोपरा, पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो, ड्रेन पाइपाच्या तोंडाभोवतीची फट, या तीन जागा आधी बघा. कोपऱ्यात गोलाई, म्हणजे वाटा, धरलेली नसेल तर तिथे हमखास चीर असते. उतारही तपासा : दर १० फुटांना सव्वा इंच तरी हवा. बादलीभर पाणी ओतून अर्ध्या तासाने डबकं कुठे उरतं ते खडूने आखा. डबक्याच्या जागी कुठलाच रंग टिकत नाही. ती जागा आधी पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटच्या मसाल्याने भरून घ्या.

ओल आहे की गेली, हे कळायला एक सोपी चाचणी : दीड फूट चौरस पारदर्शक प्लॅस्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवा आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बघा. आतून थेंब दिसले किंवा खालचं सिमेंट गडद झालं, तर आणखी पंधरा दिवस थांबा. अशी चाचणी तीन-चार जागी घ्या, त्यातली एक टाकीजवळ.

सगळी गच्ची पुन्हा रंगवायची गरज नाही. सुटलेला रंग घट्ट कडेपर्यंत खरवडा, कडा पॉलिश पेपरने उतरत्या करा, धुवा, वाळू द्या, तेवढ्याच भागाला पातळ हात आणि मग दोन जाड हात. नवा स्लॅब किंवा नवा कोबा असेल तर किमान २८ दिवस पाणी मारून पिकल्यावर आणि त्यानंतर वाळल्यावरच रंग.

प्रश्न : आमच्या घराला जस्ताचे पत्रे आहेत. ते आरशासारखे चमकतात, तरी दुपारी आत थांबवत नाही. चमकणारी वस्तू ऊन परतवते ना? त्यावर चुना लावला तर? (चंद्रपूर जिल्हा)

चमक ऊन परतवते हे खरं, नवा जस्ताचा पत्रा साठ टक्क्यांच्या आसपास ऊन परत पाठवतो. पण छत गार राहायला दोन गुण लागतात : ऊन परतवणं, आणि जे शोषलं ते आकाशाकडे पुन्हा बाहेर टाकणं. उघडा चकचकीत धातू दुसऱ्या कामात अगदी कच्चा. उरलेली चाळीस टक्के उष्णता त्याच्यातच कोंडून राहते, म्हणून चमकणारा पत्राही हात लावू देत नाही. पांढरा रंग, चुना, सिमेंट हे सगळे पृष्ठभाग ९० टक्क्यांच्या आसपास क्षमतेने उष्णता बाहेर टाकतात. वर्षा-दोन वर्षांत पत्र्याची चमक जाते, गंज चढतो, आणि मग ऊन परतवण्याचा गुणही अर्ध्यावर येतो. चंदेरी अॅल्युमिनियमचा रंग लावण्यातही हीच खोट आहे. दिसायला लखलखीत, पण पांढऱ्याची बरोबरी नाही.

(उष्णता मोजणारी बंदूक घेऊन कोणी तुमचा चकचकीत पत्रा ‘गार’ असल्याचं दाखवलं तर विश्वास ठेवू नका. ते यंत्र बाहेर पडणाऱ्या उष्णतेवरून तापमान काढतं आणि उघडा धातू ती कमी सोडतो, म्हणून आकडा खोटा कमी येतो. पत्र्यावर काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजा.)

पत्र्यावर चुना नको. तो टिकत नाहीच, शिवाय चुना आणि सिमेंट अल्कधर्मी असल्याने ओल मिळाली की जस्त आणि अॅल्युमिनियम दोन्हींना खातात. थोडक्यात, उन्हाळ्यात गारवा आणि पावसाळ्यात भोकं.

पत्र्यासाठी क्रम असा. गंज तारेच्या ब्रशने उतरवा. नुसता तांबूस डाग चालतो, सुटे खपले नकोत. साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा. गंजलेल्या जागी झिंक क्रोमेट किंवा रेड ऑक्साइडचा हात, आणि नव्या चकचकीत पत्र्यावर एच (etch) प्रायमर, म्हणजे कोऱ्या धातूला धरणारं अस्तर, कारण कोऱ्या जस्तावर साधा रंग धरतच नाही. पत्रा वर्षभर उन्हापावसात मुरलेला असेल तर हे काम सोपं जातं. जे-बोल्टचे वायसर उडालेले, फाटलेले असतील ते याच वेळी बदला. रंगाने गळती थांबत नाही. मग धातूच्या छतासाठी असलेला पांढरा अॅक्रेलिक रंग, दोन हात. रंगाचा हिशेब करताना नालीदार पत्र्याचं खरं क्षेत्रफळ मापापेक्षा १५ ते २० टक्के जास्त धरा, नाहीतर शेवटच्या दोन पत्र्यांना रंग पुरत नाही.

पत्र्यात उष्णता साठवण्याची जाडीच नसते, त्यामुळे रंगाचा परिणाम त्याच दुपारी कळतो, स्लॅबसारखी रात्रीची वाट पाहावी लागत नाही. तरी दुपारी पत्रा हवेपेक्षा गरमच राहणार, म्हणून खाली दुसरा थर हवा. चकाकीची, म्हणजे फॉइल लावलेली, बबल शीट लावणार असाल तर ती पत्र्याला चिकटवू नका. पत्रा आणि शीट यांच्यात निदान इंचभर मोकळी हवा ठेवा. फॉइलचा उपयोग समोर हवेची पोकळी असेल तरच होतो. टेकलेली फॉइल म्हणजे आणखी एक गरम पत्रा. पोकळीच्या दोन्ही टोकांना जाळी लावून वारा खेळता ठेवा. थर्माकोलचं उघडं छत स्वयंपाकघरावर अजिबात नको, ते भडकतं. पत्र्यावर पऱ्हाटी किंवा तुराट्या पसरण्यालाही तीच भीती.

आणि घर अजून बांधायचं असेल तर रंगीत प्रोफाइल पत्रा निळा-लाल घेऊ नका, पांढरा किंवा दुधाळ घ्या. हा एक निर्णय घेतला की वरचा सगळा खटाटोप वाचतो.

प्रश्न : सिमेंटच्या पत्र्यांनाही हीच रीत? (इचलकरंजी)

रंग तोच, सफाई मात्र वेगळी. जुन्या सिमेंटच्या पत्र्यात अॅस्बेस्टॉसचे तंतू असतात. कोरडा घासला, तारेचा ब्रश किंवा पाण्याचा जोरदार फवारा मारला तर ते तंतू हवेत सुटतात आणि फुप्फुसात बसतात. पाण्याने भिजवून, मऊ ब्रशने शेवाळ सोडवायचं, खरवडायचं नाही. पत्र्यावर थेट पाय देऊ नका. जुना पत्रा माणसासकट खाली येतो. खालच्या कैच्या-वाशांच्या रेषेवर, म्हणजे बोल्टांच्या ओळीवर, जाड फळी टाकून तिच्यावरूनच चाला. खाली कोणी झोपलेलं नाही याची खात्री करून मग वर चढा.

प्रश्न : एक विक्रेता ‘नॅनो सिरॅमिक’ रंग दाखवतो. पाच मिनिटांच्या प्रयोगात त्याने १५ अंश फरक दाखवला. किंमत दुप्पट आहे. घ्यावा का? (छत्रपती संभाजीनगर)

१५ अंश पृष्ठभागावरचे असतील तर ते शक्य आहे, पण तेवढा फरक कोणताही चांगला पांढरा रंग देतो. खोलीत १५ अंश म्हणत असेल तर हात जोडा.

या रंगांचा दावा असा की सिरॅमिकच्या सूक्ष्म पोकळ गोळ्या उष्णता ‘अडवतात’. अडवायला जाडी लागते. रंगाचा थर अर्धा मिलिमीटर, त्याचा उष्णतेला होणारा विरोध खालच्या पाच इंची स्लॅबच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी. आणि स्लॅब स्वतःच उष्णता अडवण्यात कमजोर. दोन इंची चांगला थर्माकोल त्या स्लॅबच्या पंधरापट तरी विरोध करतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेत, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जाबचतीच्या नियमावलीत, छतासाठी उष्णता वाहण्याची मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश दिली आहे. उघडा स्लॅब तिच्या तिप्पट वाहतो. ती कमतरता रंगाने भरून निघत नाही, त्याला कोब्याखाली किंवा वर इन्सुलेशनच घालावं लागतं. रंगाचं काम ऊन परतवण्याचं आणि तेवढ्याचेच पैसे द्यावेत.

विक्रेत्याला चार गोष्टी लेखी मागा : ऊन परतवण्याचं प्रमाण नवं असताना किती, तीन वर्षं जुनं झाल्यावर किती, उष्णता उत्सर्जन किती, आणि लिटरला किती चौरस फूट. पहिला आकडा ०.८० च्या पुढे, उत्सर्जन ०.८५ च्या पुढे असावं. एसआरआय हा एकच आकडा सांगतात तो या दोन गुणांचा मेळ असतो. ठरावीक काळ्या पृष्ठभागाला शून्य आणि ठरावीक पांढऱ्याला १०० धरून तो काढतात, म्हणून चांगल्या रंगाचा १०० च्या थोडा वर गेला तर त्यात चमत्कार नाही. सर्वांत महत्त्वाचा आकडा दुसरा, तीन वर्षांनंतरचा, आणि नेमका तोच माहितीपत्रकावर नसतो. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाने २०२१ मध्ये बेरियम सल्फेट वापरून ९८.१ टक्के ऊन परतवणारा रंग केला होता. तुमच्यापुढे ठेवलेला डबा तो नव्हे.

प्रश्न : सातमजली सोसायटीत आमचा फ्लॅट सर्वांत वर. गच्ची पांढरी करायचा विषय काढला की खालचे सभासद ‘तुमचा फायदा, तुम्ही पैसे द्या’ म्हणतात. पांढऱ्या टाइल्स कशा? (ठाणे)

खरं बोलायचं तर सहाव्या मजल्याला यातून जवळजवळ काही मिळत नाही, हे मान्य करूनच बैठकीत बोला. मात्र गच्ची सामाईक आहे आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत गच्ची व कठड्यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चातच धरलेली आहे. म्हणून ‘गारव्यासाठी रंग’ असा विषय न ठेवता, पुढचं वॉटरप्रूफिंग निघेल तेव्हा वरचा शेवटचा थर पांढरा घ्यावा, असा ठेवा. काम तेच, फक्त रंग बदलतो. ऊन कमी शोषलं की स्लॅबचं रोजचं प्रसरण-आकुंचनही कमी होतं, तडे कमी पडतात, आणि तो फायदा सगळ्यांचा.

जुन्या इमारतींच्या गच्चीवर बऱ्याचदा आधीच चायना मोझेक, म्हणजे चिनी मातीच्या पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर, असतो, वर्षानुवर्षांच्या काजळीखाली. तो धुऊन बघा. कधीकधी तेवढंच काम असतं.

टाइल्स टिकाऊ, पण वजन विचारात घ्या. मसाल्याचा प्रत्येक इंच चौरस मीटरला सुमारे ५० किलो वाढवतो, म्हणजे १०० चौरस फुटांवर साडेचारशे किलोहून जास्त. आधीच्या कोब्यावर आणखी कोबा, त्यावर टाइल, असे थर चढवत जाणं जुन्या इमारतीला घातक. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको. टाइल घ्याल तर खरखरीत, मॅट. चकचकीत पांढऱ्या टाइलवर पहिल्या पावसात कोणीतरी घसरणार, आणि समोरच्या टॉवरमधल्यांच्या डोळ्यात तिरीप जाणार. सांधे इपॉक्सी किंवा पॉलिमर ग्राउटने भरा. साध्या पांढऱ्या सिमेंटचे सांधे दोन पावसाळ्यांत उघडतात.

प्रश्न : भाड्याची खोली आहे, मालक गच्चीला हात लावू देत नाही. संध्याकाळी पाणी मारतो, पण टँकरच्या पाण्यात ते परवडत नाही. (जालना)

पाणी सोडा. एक लिटर पाण्याची वाफ होताना विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटाइतकी उष्णता नेते, म्हणून ते प्रभावी वाटतं. पण मराठवाड्याच्या मे महिन्यात गच्ची दिवसभर ओली ठेवायला चौरस मीटरला रोज आठ-दहा लिटर लागतात. शिवाय ते तड्यांतून आत जातं आणि मालकाशी नवं भांडण.

७५ टक्क्यांची शेडनेट गच्चीपासून दोन-तीन फूट उंच बांधा. बहुतेक ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही आणि मधून वारा वाहतो. जाळी स्लॅबवर पसरली तर यातलं दुसरं काम बिघडतं. कठड्याला भोकं न पाडता वाळूच्या गोण्यांत उभ्या केलेल्या बांबूंना बांधता येते. एक बाजू चटकन सुटेल अशी गाठ मारा, कारण एप्रिल-मेमधला वळीव जाळीसकट बांबू शेजारच्या अंगणात नेतो.

प्रश्न : कोकणात आमचं कौलारू घर आहे. कौलं पांढरी करावीत का? (राजापूर)

नको. तीन हजार मिलिमीटर पावसात पांढरी कौलं पहिल्याच वर्षी हिरवी-काळी होतात, आणि रंगामुळे कौलांची ओल सुकायला वेळ लागतो. मंगलोरी कौलांच्या फटींतून गरम हवा बाहेर जाते, ही त्यांची मूळ सोय आहे. माळ्याच्या दोन्ही टोकांचे झरोके उघडे आहेत ना, ते बघा. बहुतेक घरांत उंदीर-माकडांच्या भीतीने ते फळ्या ठोकून बंद केलेले असतात. तिथे जाळी बसवा.

प्रश्न : पांढऱ्या रंगावर वाळवण घालता येईल का? आणि गच्चीचं पावसाचं पाणी आम्ही हौदात घेतो, त्याचं काय? (सातारा)

कुरडया-पापड प्लॅस्टिकवर किंवा सुती धोतरावर घाला, थेट रंगावर नको. वाळायला तासभर जास्त लागेल, कारण खालून मिळणारी धग कमी झालेली असते. खाटेवर घातलं तर फरक जाणवतही नाही. खाटेच्या पायांखाली गोणपाटाचे तुकडे ठेवा, रंग ओरखडत नाही.

पाण्याचं म्हणाल तर रंग लावल्यावरचे पहिले दोन-तीन पाऊस हौदात घेऊ नका, पाइप बाजूला काढून ठेवा. चुना लावला असेल तर पाण्यात उतरलेला चुना बराच काळ पांढुरका गाळ देतो. पिण्यासाठी पाणी साठवणाऱ्यांनी चुना टाळून अॅक्रेलिक घ्यावा आणि तो पिण्याचं पाणी गोळा करणाऱ्या छतासाठी चालतो का, हे कंपनीच्या पत्रकात पाहावं.

प्रश्न : सौर पॅनेल बसवायचे आहेत. आधी गच्ची पांढरी करू की नंतर? (नाशिक)

आधी. पॅनेलचे पाय बसल्यावर त्यांच्याखाली हात जात नाही. पॅनेल जेवढी जागा झाकतील तेवढ्या भागाला गारव्यासाठी रंगाची गरज नाही, सावलीच पुरते. तरी पायांच्या तळाशी वॉटरप्रूफिंग हवंच. दोन्ही बाजूंनी वीज करणारे पॅनेल घेत असाल तर मात्र खालची गच्चीही पांढरी ठेवा. परतणारं ऊन मागच्या बाजूला लागून थोडी जास्त वीज मिळते. पॅनेल धुतलेलं मातकट पाणी रंगावर वाळू देऊ नका, त्याच दिवशी खराट्याने ड्रेनपर्यंत लोटा. पांढरी गच्ची पहिल्या वर्षातच धुळीने ऊन परतवण्याच्या गुणाचा पाचवा हिस्सा गमावते. होळीच्या सुमारास एकदा साबणाच्या पाण्याने घासली की त्यातला बराचसा परत मिळतो.